संगणकातल्या पाण्याच्या नळ्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी जुळवलेल्या वॉटर-कूल्ड संगणकात पाणी एकाच बंद वाटेने फिरत राहते. टाकीतून ते पंपात येते, तिथून प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये, मग ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकमध्ये, पुढे रेडिएटरमध्ये आणि परत टाकीत. या वाटेला लूप म्हणतात. बंगळुरूच्या एसपी रोडवर, म्हणजे सादर पत्रप्पा रस्त्यावर, वायर, मोटारी आणि संगणकाच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. तिथून भाग आणून संगणक स्वतः जुळवणाऱ्यांची या शहरात कमतरता नाही. मात्र लूप बांधायला बसले की हात वळतात ते घरच्या नळजोडणीकडे. गच्चीवरची टाकी, मोटार, पाइप आणि एल्बो यांचे नियम इथे जसेच्या तसे लावले जातात आणि बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात.

त्यांतला सगळ्यात चिवट गैरसमज क्रमाचा आहे. प्रोसेसरमधून निघालेले ‘गरम’ पाणी ग्राफिक्स कार्डात जाऊ नये, मध्ये रेडिएटर हवाच, असे मानून लोक नळ्या आडव्यातिडव्या नेतात. इथे हिशोब मांडून पाहावा. एक लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,१८० जूल उष्णता लागते. साध्या लूपमध्ये मिनिटाला ४ लिटर पाणी फिरते असे धरले, तर ते पाणी १ अंशाने तापण्यासाठी मिनिटाला जवळपास १६,७०० जूल लागतील. ३०० वॅट उष्णता टाकणारे कार्ड मिनिटाला १८,००० जूल देते. म्हणजे त्या कार्डात शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या पाण्यात फरक पडतो तो जेमतेम १.१ अंशाचा. लूपमध्ये एकूण एक लिटर पाणी असेल, तर ते १५ सेकंदांत एक फेरी पुरी करते. त्यामुळे काही वेळाने सगळीकडचे पाणी जवळपास एकाच तापमानाचे होते. रेडिएटर आधी घेतला काय नि नंतर घेतला काय, फरक एक-दोन अंशांच्या आतलाच. नळी जिथून सरळ आणि आखूड जाईल, तो क्रम उत्तम.

क्रमाचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही: टाकी पंपाच्या लगेच आधी आणि पंपाच्या वर हवी. या पंपांचे बेअरिंग पाण्यानेच वंगण घेते. लूप भरताना पंपाला हवा मिळाली आणि तो कोरडा फिरत राहिला, तर काही मिनिटांत खराब होऊ शकतो.

पंपाबद्दलची दुसरी समजूत थेट गच्चीवरून आलेली आहे. टाकी खाली नि रेडिएटर कॅबिनेटच्या माथ्यावर असेल, तर ‘पाणी चढवायला’ मोठा पंप लागेल, असे वाटते. लूप रिकामा असताना, म्हणजे पहिल्यांदा भरताना, पंपाला पाणी खरोखरच उचलावे लागते. एकदा सगळ्या नळ्या भरल्या की चढणाऱ्या पाण्याचे वजन उतरणारे पाणी पेलते, कप्पीवरून सोडलेल्या दोराचे दोन सारखे पदर एकमेकांना तोलतात तसे. उरते ते फक्त घर्षण. सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी-५ जातीच्या पंपाची कमाल उचल सुमारे ३.९ मीटर असते आणि कॅबिनेट अर्ध्या मीटरच्या आसपास. दोन पंप लावण्याआधी एवढे आठवावे.

मग हे घर्षण कुठे होते? काटकोनी फिटिंग पाण्याचा वेग ‘मारते’ ही समजूत पूर्ण खोटी नाही, पण फुगवलेली आहे. जलवाहिन्यांच्या अभियांत्रिकीत एका ९० अंशांच्या एल्बोचा अडथळा ढोबळमानाने तेवढ्याच रुंदीच्या, व्यासाच्या ३० पट लांब सरळ नळीइतका धरतात. आतून १० मिलिमीटर असलेल्या नळीसाठी ही लांबी ३० सेंटिमीटर होते. म्हणजे तीन-चार काटकोनी फिटिंग वापरली, तर जणू मीटरभर नळी वाढली. खरा अडथळा ब्लॉकमध्ये असतो. तिथे पाण्याला केसासारख्या बारीक तांब्याच्या पात्यांच्या फटींतून जावे लागते. त्याच कारणाने आतून १३ मिलिमीटरची जाड नळी घेतल्याने थंडावा वाढत नाही. मोठ्या नळीत पाणी अधिक मावते आणि वळवताना ती अधिक जागा खाते, एवढेच. मऊ नळी जबरदस्तीने वळवून चपटी झाली, तर मात्र एक काटकोनी फिटिंग परवडते. १०/१३ मापाच्या नळीपेक्षा १०/१६ मापाची नळी भिंत जाड असल्याने सहजासहजी चिमटत नाही.

मापांच्या या जोड्यांमध्ये पहिला आकडा आतल्या व्यासाचा नि दुसरा बाहेरच्या व्यासाचा. कम्प्रेशन फिटिंगमध्ये नळी आतल्या बोंडावर चढते आणि बाहेरून कडे आवळले जाते, म्हणून दोन्ही आकडे जुळावे लागतात. कडक नळीत इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत महाग पडते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १२ मिलिमीटरच्या फिटिंगसाठी अर्ध्या इंचाची अॅक्रिलिक नळी आणली, तर ती आत जाणारच नाही. उलटे केले, तर नळी फिटिंगमधल्या रबरी ओ-रिंगमध्ये सैल बसेल, आणि ०.७ मिलिमीटर ही ओ-रिंगसाठी फार मोठी फट असते.

आता प्लंबरची सवय. नळाच्या जोडावर सुतळी आणि सफेदा किंवा पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने आवळायचे, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की टेपशिवाय आटे लावणे चुकल्यासारखे वाटते. घरच्या नळजोडणीत बरेच आटे निमुळते असतात. आवळत गेले की ते एकमेकांत रुतून बसतात आणि टेप उरलेली फट बुजवते. संगणकाच्या ब्लॉकवर, रेडिएटरवर आणि टाकीवर जी-एकचतुर्थांश जातीचे समांतर आटे असतात, इंचात १९. हे आटे पाणी अडवतच नाहीत. ते फिटिंगला जागेवर धरतात आणि पाणी अडवते ती फिटिंगच्या बुडाशी असलेली रबरी ओ-रिंग. टेपचा एखादा पदर या रिंगखाली आला, तर रिंग सपाट बसत नाही आणि ज्या भीतीने टेप लावली तीच गळती होते. तुटलेल्या टेपचे धागे पुढे ब्लॉकच्या पात्यांत अडकतात ते वेगळेच.

‘जितके घट्ट तितके पक्के’ हेही त्याच कुळातले. फिटिंग हाताने फिरवत न्यावे. रिंग टेकल्याचे बोटांना कळते. मग आणखी किंचित, रिंग थोडी दबेल इतपत फिरवून थांबावे. टाकी आणि कित्येक ब्लॉकांचे झाकण अॅक्रिलिकचे असते आणि पान्याचा जोर लागला की आट्यांपासून त्याला बारीक तडा जातो. असा तडा पहिल्या दिवशी दिसत नाही. फिरत्या जोडांच्या फिटिंगमध्ये आत आणखी एक-दोन रिंगा असतात, म्हणजे गळतीच्या जागाही तेवढ्या वाढतात. सोय म्हणून ती वापरावीत, हौस म्हणून नव्हे.

कडक नळ्या अधिक थंड ठेवतात, असेही सांगितले जाते. त्या सुबक दिसतात; थंडाव्याच्या बाबतीत त्या मऊ नळीइतक्याच. फरक आहे तो कडक नळ्यांच्या दोन प्लास्टिकांच्या तापमान सोसण्यात. पीईटीजी हे प्लास्टिक ८० अंशांच्या आसपास मऊ होते आणि सततच्या दाबाखाली ६० अंशांपुढेच ढिले पडू लागते. अॅक्रिलिक १०० अंशांपर्यंत टिकते. लूपमधले पाणी भाराखाली खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंशांनी अधिक तापते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने इथला उन्हाळा सौम्य. एप्रिल २०१६ मध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला होता, तो या शहराचा उच्चांक. तसल्या दिवशीही बिनवातानुकूलित खोलीतले पाणी ५०-५५ अंशांत राहील. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांची खोली धरली, तर तोच लूप ६० ला टेकतो आणि तिथे पीईटीजी टाळलेलेच बरे. बंगळुरूच्या उंचीचा एक तोटा मात्र आहे: हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १० टक्के विरळ असल्याने त्याच वेगाच्या पंख्याने रेडिएटरमधून तेवढी कमी हवा वजनाने जाते. फार बिघडत नाही, पण मुंबईतल्या मित्राचे आकडे इथे तंतोतंत उतरणार नाहीत.

कडक नळीचे टोक काटकोनात कापून, कानशीने कडा मोडून घ्यावे लागते. धारदार कड आत शिरताना ओ-रिंगला चिरते. बोटाने थोडे पाणी लावले की नळी सहज सरकते. त्यासाठी तेल नको.

धातूंविषयीची बेफिकिरी सगळ्यात खर्चिक ठरते. ब्लॉक बहुधा तांब्याचे किंवा निकेल चढवलेल्या तांब्याचे असतात, चांगले रेडिएटर तांबे-पितळेचे आणि फिटिंग पितळेचे. त्यात एखादा स्वस्त अॅल्युमिनियमचा रेडिएटर किंवा जोड आला, की पाण्यातून तांबे आणि अॅल्युमिनियम यांची बॅटरीच तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजत जाते. गंजरोधक द्रव हे लांबवतो, थांबवत नाही. जोड वजनाला फार हलका लागला, तर संशय घ्यावा.

‘डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही, मग गळले तरी काय’ हे अर्धसत्य बाटलीच्या तोंडापर्यंतच खरे. लूपमध्ये शिरताच पाणी धातूंचे अंश उचलते आणि मदरबोर्डवर पडताना तिथली धूळही. नळाचे पाणी त्याहून वाईट. बंगळुरूच्या बऱ्याच भागांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते आणि त्यातले कॅल्शियमचे क्षार ब्लॉकच्या फटींत थर धरतात. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. कित्येक यंत्रे चवीसाठी ते मुद्दाम राखतात. डिस्टिल्ड पाणी आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारे द्रावण, किंवा तयार कूलंट, हेच योग्य. द्रवाचा वीज-संगणकाशी शेजार मुळात अशक्य नाही, हे त्याच शहरात दिसते. भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली सुरू झालेला ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा परम प्रवेग हा महासंगणक द्रवानेच थंड होतो.

पावसाळ्यात नळ्यांना घाम फुटून मदरबोर्ड भिजेल, ही भीतीही निराधार आहे. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला दव येते, कारण ती खोलीपेक्षा थंड असते. रेडिएटर खोलीच्या हवेनेच पाणी थंड करतो, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. चिलर जोडला तरच दवाचा प्रश्न येतो. तसेच पहिल्या काही दिवसांत टाकीतली पातळी उतरली, म्हणजे गळती झालीच असे नाही. ब्लॉकमध्ये आणि रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे टाकीत येतात आणि त्यांची जागा पाणी घेते. पुढे महिन्यांनंतर मऊ नळीच्या भिंतीतूनही थोडी वाफ निसटते.

इतके सगळे पाहिल्यावर नळ्यांची मांडणी कशासाठी करायची, हे उघड होते. ती थंडाव्यासाठी नसून भरण्यासाठी, हवा काढण्यासाठी आणि रिकामे करण्यासाठी आहे. लूपचे तोंड सर्वांत उंच जागी हवे, म्हणजे हवा तिकडे जमते. सर्वांत खालच्या जागी टी-जोड लावून त्याला बॉल व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वर्षाने पाणी बदलताना कॅबिनेट उलटे करण्याची वेळ येते. मेमरीच्या पट्ट्या किंवा ग्राफिक्स कार्ड काढताना मध्ये नळी येत असेल, तर ती मांडणी चुकली, मग ती कितीही देखणी असो.

पाणी भरण्याआधी हातपंप आणि मापक लावून हवेचा अर्धा बार दाब देऊन पाहावे. अर्ध्या तासात काटा सरकला, तर एखादा जोड सैल आहे. मग पाणी भरून, बाकी सर्व भागांच्या वायरी काढून, पॉवर सप्लायच्या चोवीस पिनांच्या प्लगला छोटा जंपर लावून फक्त पंप चालवावा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू कागदाची घडी ठेवावी. चोवीस तासांनी सगळ्या घड्या कोरड्या असतील, तर मदरबोर्डची वायर जोडायला हरकत नाही.