जहाज आलं म्हणजे गिऱ्हाईक आलं, असं नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात नवीन इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. तेव्हापासून बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, तिकडे एखादा स्टॉल घेऊन ठेवू का? हजारो लोक उतरणार." विचारणारे आपलेच, मिरा रोड-भाईंदरचे. काही जण तर त्यासाठी सोनं गहाण ठेवायला तयार असतात. व्हिडिओत हा हिशेब घाईत उरकला, म्हणून इथे नीट मांडतो.

आपली भाईंदर-वसई रो-रो बघा, २०२४ ला सुरू झालेली. त्यातून उतरलेल्या माणसाला भूक लागली की तो वडापाव तुमच्याकडेच खाणार. क्रूझचं तसं नाही. क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. जेवण तिकिटात, शो तिकिटात, दुकानं आतच. म्हणजे ती गिऱ्हाईक आणून सोडणारी बस नाही, ती तुमची स्पर्धक आहे.

गोव्याचं उदाहरण घ्या. समजा, परदेशी जहाज मुरगावला सकाळी आठला लागलं आणि संध्याकाळी पाचला सुटणार. तपासणी होऊन बाहेर पडेपर्यंत तास-दीड तास गेला. मग बसने जुनं गोवं, मंगेशी, फोंड्याकडची मसाल्याची बाग. सुटायच्या तासभर आधी परत हजर. प्रवासाचा वेळ वजा करा, हातात चारेक तास उरतात. त्यातही बस थांबेल तिथेच खरेदी. ही सहल बऱ्याचदा जहाजावरच विकली जाते. जहाज आपलं कमिशन कापतं, मग एजंट, मग बसवाला. बागेत जायफळ दाखवणाऱ्याच्या हातात काय येतं, तुम्हीच सांगा. गेटबाहेरचा टॅक्सीवाला तर नुसताच हॉर्न वाजवत बसतो. गिऱ्हाईकाचा वेळ ज्याच्या ताब्यात, गल्ला त्याचा.

गरीब देशांत हे अजून पुढे गेलंय. हैतीत लाबादी नावाचा किनारा रॉयल कॅरिबियन कंपनीने भाड्याने घेतलाय, भोवती कुंपण आहे. पाहुणे तिथेच पोहायचे, तिथेच जेवायचे, बाहेरचं गाव बघतच नसत. २०२४ मध्ये देशात अशांतता झाली, कंपनीने फेऱ्या थांबवल्या. आत विक्री करणाऱ्या स्थानिकांचं दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. मेक्सिकोने मात्र जुलै २०२५ पासून जहाजाच्या प्रत्येक प्रवाशामागे पाच डॉलर घ्यायला सुरुवात केली. रक्कम छोटी आहे, पण प्रवासी खरेदी करो न करो, देशाला ती मिळते.

एकाच गिऱ्हाईकावर उभं राहण्याचा धोका इथेही बघितलाय. 'आंग्रिया' २०१८ मध्ये मुंबई-गोवा सुरू झाली तेव्हा केवढं कौतुक होतं! २०२० ला कोरोना आला आणि ती बंद पडली. त्यात पावसाळा वेगळाच. स्टॉलचं भाडं मात्र बाराही महिने.

मग यात धंदा नाहीच का? आहे, पण तो मागच्या दाराला आहे.

मुंबईत जहाज नुसतं थांबत नाही, इथून प्रवास सुरू होतो. नागपूर-इंदूरचा माणूस आदल्या दिवशी येतो, लॉजवर राहतो, रिक्षा-टॅक्सी करतो, जेवतो. अशा माणसाला एक रात्र ठेवून घेणं हे चार तासांच्या पाहुण्याच्या मागे धावण्यापेक्षा जास्त फायद्याचं. आणि जहाजाला भाजी, अंडी, मासळी, फुलं, नॅपकिन, भांडी लागतात. हा माल शिप चँडलर पुरवतो. भाईंदरचे स्टीलचे कारखाने, उत्तनची मासळी, तुमचं युनिफॉर्म शिवायचं युनिट, यांना स्टॉलपेक्षा हा रस्ता जवळचा. फोर्टात चँडलरची ऑफिसं सापडतील, चर्चगेट लोकलने जाऊन या.

मासळीवाल्यांना एक सांगतो: बर्फातला माल, बिल आणि फूड लायसन्स नसेल तर तिकडे उभंही करणार नाहीत. उत्तनच्या एकट्या बाईला हे जमणार नाही. पाच-दहा जणींनी गट करून जायला हवं, लायसन्स गटाच्या नावावर.

आणि सॅम्पल देण्याआधी पेमेंट किती दिवसांनी, ते लेखी घ्या. ६० दिवसांची उधारी तुमच्या भांडवलाला झेपत नसेल, तर पहिली ऑर्डर अर्धीच घ्या.