हिरवा की लाल? कुलंट विकण्याआधी एवढं शिकून घ्या

ऑटो पार्ट्सचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्यांना मी आधी विचारतो, "गाडीला कोणता कुलंट द्यायचा, कसं ठरवाल?" उत्तर येतं, "रंगावरून." इथंच गिऱ्हाईक तुटतं.

माझंही तुटलंय. पहिल्याच वर्षी एका टिप्परवाल्या भाऊंना मी हिरवी बाटली दिली. गाडीतला जुना कुलंटही हिरवाच होता, पण प्रकार वेगळा. आत गाळ धरला, रेडिएटर खोलावा लागला. पैसे परत केले. भाऊ मात्र परत आले नाहीत.

रंग म्हणजे कंपनीनं घातलेला डाय. बघायचा तो प्रकार. आयएटी हा जुना प्रकार, साधारण 2 वर्षं चालतो. ओएटी सेंद्रिय आम्लांवर बनतो, साधारण 5 वर्षं टिकतो. एचओएटीमध्ये दोन्हींचा मेळ असतो.

मोठ्या डिझेल इंजिनात बऱ्याचदा वेट लायनर असतात, म्हणजे बाहेरून थेट कुलंट लागतो. लायनर थरथरला की बारीक बुडबुडे फुटतात आणि लोखंडाला खड्डे पाडतात. म्हणून टिप्परला कारचा कुलंट देऊ नका. हेवी ड्युटी डिझेलचा, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचाच द्या.

गिऱ्हाईक म्हणेल, "भाऊ, आपल्या भंडाऱ्यात बरफ पडते का? मग अँटीफ्रीझ कायले?" सांगा, त्यातलं ग्लायकॉल पाण्याचा उकळबिंदूही वाढवतं. अर्धं-अर्धं मिश्रण साधारण 108 अंशांवर उकळतं, प्रेशर कॅपमुळं आणखी वर. मे महिन्याचं ऊन आणि धानाच्या चिखलणीत ट्रॅक्टरवर येणारा लोड, दोन्हीत ते कामी येतं. शिवाय गंजही लागत नाही.

कॉन्सन्ट्रेट विकलं तर सोबत डीएम वॉटरही विका. 10 लिटरच्या सिस्टीमला 5 अधिक 5. बोअरचं पाणी टाकलं की आत क्षार बसतात. रेडी मिक्समध्ये मात्र पाणी घालायचं नाही.

आता धंद्याची गोष्ट. एक वही ठेवा: गाडी नंबर, प्रकार, तारीख. बदलायची वेळ आली की तुम्हीच फोन करा. आतला प्रकार माहीत नसेल तर वरून भरू नका. फ्लश करून नवा भरायला सांगा. त्या दिवशी एक बाटली कमी विकली जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.

आणि हो, ग्लायकॉल गोड लागतं पण विषारी असतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत सुटा कुलंट कधीच देऊ नका.