न आलेल्यांची मोजदाद

"आजी, मिश्री कधी लावलीत?"
"आत्ताच की, यष्टीतनं उतरल्यावर."
"मग बसा अर्धा तास. चहा पण नको."

सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या ओपीडीची सुरुवात ही अशी होते. आल्या आल्या सिस्टर दंडाला पट्टा बांधत नाहीत. तंबाखूने, चहाने, चढ चढून आल्याने बीपी तात्पुरतं वाढतं. नंबर आला की पाठ खुर्चीला टेकवायची, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. झंपरची बाही वर सरकवून ती दंडाला करकचत असेल, तर हात बाहीतून काढायचा. पट्टा फुगत असताना बोलायचं नाही. आजींना सगळ्यात जड जातं ते हेच.

पहिला आकडा 148/92. थोड्या वेळाने पुन्हा, 142/86. सिस्टर आकडे जसेच्या तसे कार्डावर लिहितात. पाऱ्याच्या यंत्राच्या काळात बहुतेक नोंदी शून्यावर संपायच्या: 140/90, 150/100. पण नियंत्रण याचा अर्थ वरचा आकडा 140च्या खाली आणि खालचा 90च्या खाली. 138ला 140 लिहिलं की बरा चाललेला रुग्ण बिघडलेल्यांत जातो. 142ला 138 लिहिलं की वाढवायला हवी ती गोळी वाढतच नाही.

उपचारांचा दर्जा मोजायचा कसा, याची मांडणी अवेदिस दोनाबेदियन यांनी 1966 साली केली: व्यवस्था, प्रक्रिया आणि परिणाम. यंत्र आणि गोळ्या आहेत का, हा पहिला भाग. बीपी नीट मोजलं का, उतरत नसेल तर डोस वाढवला का, हा दुसरा. आणि शेवटी, ते उतरलं का? भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2018च्या सुमारास महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला, तेव्हा त्याने याच शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं. किती शिबिरं झाली, किती जण तपासले, यापेक्षा नोंदलेल्यांपैकी किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, हे विचारायचं.

खरी मेख 'नोंदलेल्यांपैकी' या शब्दात आहे. समजा, 100 जण नोंदलेले आहेत. तिमाहीत 60 आले, त्यातल्या 45 जणांचं बीपी आटोक्यात. आलेल्यांतून टक्का काढला तर 75, नोंदलेल्यांतून काढला तर 45. पहिला आकडा बैठकीत मिरवायला बरा. पण केंद्रात न आलेल्या 40 जणांना पक्षाघाताचा झटका चुकवून जात नाही.

म्हणून ओपीडी उरकल्यावर सिस्टर तारीख उलटून गेलेली कार्डं बाजूला काढतात आणि आशाताईंना घेऊन बसतात. एक जण लेकाकडे मुंबईला गेलाय. एकीला 'बरं वाटतंय', म्हणून तिने गोळी सोडली. एकाच्या घोट्यांना सूज आली, त्यानेही बंद केली. ॲम्लोडिपिनने काहींना अशी सूज येते आणि औषध बदलता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एक जण गावातल्या दुकानातून गोळ्या घेतोय. कार्डावर चौघांचेही रकाने सारखेच कोरे, पण प्रत्येकाचा इलाज वेगळा. पहिल्याला जाताना जास्तीच्या पट्ट्या द्यायला हव्या होत्या, दुसरीला घरी जाऊन समजवायला हवं, तिसऱ्याला डॉक्टरांसमोर बसवायला हवं. चौथ्याचं बीपी कदाचित छान आटोक्यात असेल, तरी हिशेबात तो नापासच. मापात ही खोट आहे. पण आकडा फुगवून दाखवणाऱ्या मापापेक्षा कमी दाखवणारं माप परवडतं, कारण ते केंद्राला रुग्णाच्या दारापर्यंत जायला लावतं.

एक पथ्य मात्र वरिष्ठांनी पाळायला हवं. कमी टक्क्याबद्दल सिस्टरला झापलं, की पुढच्या महिन्यात 142चे 138 व्हायला वेळ लागत नाही.

तुमच्या गावच्या केंद्राने नियंत्रणाचा टक्का सांगितला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: न आलेले यात धरलेत का?