कीटकनाशकाच्या डब्यावरील माहिती

शाहूवाडी तालुका हा भात, नाचणी आणि उसाचा मुलूख. भातावर खोडकिडीचा उपद्रव दिसू लागला, की कृषी सेवा केंद्रांत शेतकऱ्यांची वर्दळ वाढते. ‘खोडकिडीचे औषध द्या’, एवढेच मागणे असते. त्याचे उत्तर सवयीने नव्हे, तर डब्यावरील मजकूर वाचून दिले गेले पाहिजे. सन २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. या माहितीचे मोल किती, हे त्यावरून ध्यानी यावे.

कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक वेष्टनावर सक्रिय घटकाचे नाव व प्रमाण, नोंदणी क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख छापलेली असते. चौकोनातील खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा दर्शवितो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम लागतो. हिरवा रंगही निर्धोकपणाची ग्वाही देत नाही. आतील माहितीपत्रकात मान्य पिके, मात्रा, विषबाधेची लक्षणे व उतारा दिलेला असतो. म्हणूनच रुग्णास दवाखान्यात नेताना वेष्टन व पत्रक सोबत न्यावे; घटक कळल्यास डॉक्टरांना उपचार ठरविणे सोपे जाते.

माहिती सापडली, तरी तिचा अर्थ नीट लावणे अगत्याचे आहे. व्यापारी नावे अनेक असली, तरी घटक एकच असू शकतो. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के द्रवरूपात मिळते, तसेच ७० टक्के दाणेदार रूपातही मिळते. पहिल्याचे माप दुसऱ्यास लावल्यास जवळजवळ चौपट विष शिवारात जाईल. पत्रकातील मात्रा बहुधा हेक्टरी असते आणि शेतकरी हिशेब करतो गुंठ्यांत. हेक्टर म्हणजे सुमारे ९९ गुंठे. म्हणून दहा गुंठ्यांस हेक्टरी मात्रेचा दहावा हिस्सा पुरे.

माहिती जुनीही होते. ऊस व भातासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णतः बंद झाले. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तिकांत मात्र त्याची शिफारस आजही आढळते. यास्तव विक्रेत्यांनी व कर्मचाऱ्यांनी प्रत्येक हंगामापूर्वी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीची मान्य वापराची यादी आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पडताळून पाहाव्यात.

बंदी घातलेल्या कीटकनाशकांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येतील. गुंठ्यांचा हिशेब शिक्षकांना वर्गात गणित म्हणून घालता येईल. डब्यावरील बारीक अक्षरे घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखविण्याचे काम मग शाळकरी मुलेही करू शकतील. डब्यास हात मात्र मोठ्यांनीच लावावा.