सायकल चोरीला गेलेल्या माणसामागचा नट

'बायसिकल थीव्ज'साठी व्हित्तोरिओ दे सिका पैशांच्या शोधात वणवण करत होता, तेव्हा हॉलिवूडचा बडा निर्माता डेव्हिड सेल्झनिक त्यात पैसे घालायला तयार झाला होता. अट एकच होती. चोरीला गेलेली सायकल शोधत रोमभर पायपीट करणाऱ्या बेकार अंतोनिओच्या भूमिकेत कॅरी ग्रँट हवा. दे सिकाने हेन्री फोंडाचं नाव सुचवून पाहिलं, ते सेल्झनिकला पटलं नाही आणि बोलणी फिसकटली. अखेर अंतोनिओ झाला तो लाम्बेर्तो माज्जोरानी, रोममधल्या ब्रेदा कारखान्यातला कामगार.

हा किस्सा चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो आणि त्याचं तात्पर्य बहुतेक वेळा एकच काढलं जातं : दे सिकाला तारे नको होते, खरी माणसं हवी होती. ते खरंच आहे. पण एक गोष्ट त्यात निसटते. सेल्झनिकला नकार देणारा हा माणूस त्या वेळी स्वतः पंधरा वर्षांहून अधिक काळ इटलीचा लाडका तारा होता. देखणा चेहरा, बेतशीर सूट, गोड गळा आणि हजरजबाबी हसू यांच्या जोरावर त्याने एक अख्खी पिढी जिंकली होती. चित्रपटात 'अभिनय नको' म्हणणाऱ्या चळवळीचे सर्वांत मोठे चित्रपट इटलीतल्या सर्वांत सफाईदार नटाने काढले. मला हा योगायोग वाटत नाही. 'शूशाइन', 'बायसिकल थीव्ज' आणि 'उंबेर्तो डी.' पुन्हा पुन्हा पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की त्या नवख्या चेहऱ्यांमागे सतत एक मुरलेला नट उभा आहे.

दे सिकाचा जन्म ७ जुलै १९०१ रोजी रोमच्या आग्नेयेला असलेल्या सोरा या लहानशा गावी झाला. वडील उंबेर्तो कारकुनी करणारे. घर नेपल्सला गेलं, तिथून फ्लॉरेन्सला, मग रोमला. मिळकत तुटपुंजी, पण कोटाची इस्त्री मोडू द्यायची नाही अशी ती पांढरपेशी गरिबी होती. मराठी वाचकाला ती समजावून सांगायला नको, आपल्या कितीतरी आजोबांनी ती सोसली आहे. याच वडिलांचं नाव पुढे मुलाने आपल्या सर्वांत निर्भीड चित्रपटाला दिलं आणि तो त्यांनाच अर्पण केला.

मुलाने हिशेबनीसाचं शिक्षण घेतलं, पण ओढा रंगभूमीकडे होता. १९२३ साली तो तातियाना पाव्हलोव्हा या रशियन अभिनेत्रीच्या नाटक कंपनीत दाखल झाला. संगीतिका, विनोदी नाटुकली, गाणी असं सगळं अंगाखालून गेलं. १९३२ साली मारिओ कामेरिनी या दिग्दर्शकाने 'ली वोमिनी, के मास्काल्झोनी!' या हलक्याफुलक्या चित्रपटात त्याला नायक केलं. मालकाची मोटार आपलीच असल्याचं भासवून मुलीवर छाप पाडणारा तरुण ड्रायव्हर त्याने रंगवला, त्यातलं त्याचं गाणं देशभर गाजलं आणि दे सिका तारा झाला.

हा काळ बहुतेक चरित्रलेखक घाईने उरकतात. मला मात्र इथे थोडं थांबावंसं वाटतं. कामेरिनीने तो चित्रपट स्टुडिओत कोंडून न ठेवता मिलानच्या रस्त्यांवर आणि तिथल्या जत्रेसारख्या औद्योगिक प्रदर्शनात नेला होता. १९३७च्या 'इल सिन्योर मॅक्स'मध्ये दे सिका वर्तमानपत्रं विकणारा होता. हा विक्रेता चुकून बड्या लोकांत ओढला जातो आणि उमरावाचं सोंग वठवत राहतो. कपडे बदलले की माणसाची चाल कशी बदलते, मान कशी ताठ होते, खिशात दमडी नसताना हात कुठे ठेवायचे, हे दे सिका या भूमिकांतून शिकला. 'बायसिकल थीव्ज'मधला उपाहारगृहाचा प्रसंग आठवून पाहा. थकलेला बाप मुलाला जेवायला नेतो. शेजारच्या टेबलावर एक श्रीमंत मुलगा ऐटीत जेवतो आहे. लहानगा ब्रुनो तोंडातलं चीज लांबवत त्याच्याकडे वळून वळून पाहतो, आपलं खाणं त्याच्या खाण्याशी ताडून पाहतो. प्रेक्षक हसतो आणि त्याच हसण्यात त्याच्या घशात आवंढा येतो. वेळेचं हे भान नटाचं आहे आणि ते कामेरिनीच्या विनोदी चित्रपटांत कमावलेलं आहे.

१९४०पासून तो दिग्दर्शन करू लागला. पहिले चित्रपट विनोदी आणि नीटनेटके होते. कलाटणी मिळाली ती चेझारे झावात्तिनी या लेखकामुळे. झावात्तिनी म्हणजे साध्या माणसाच्या साध्या दिवसाकडे टक लावून पाहणारा आणि त्यातच नाट्य आहे असं हट्टाने सांगणारा माणूस. आईबापांच्या मोडणाऱ्या संसाराकडे एका लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहणारा 'द चिल्ड्रन आर वॉचिंग अस' दोघांनी युद्धाच्या ऐन धामधुमीत केला. पुढे जर्मनांनी रोम व्यापलं. मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या राजवटीने उत्तरेत नवा चित्रपटउद्योग उभारण्याचा घाट घातला आणि कलावंतांना तिकडे बोलावणी धाडली. दे सिका गेला नाही. कॅथलिक संस्थेच्या पैशांवर एका यात्रेची कथा सांगणारा चित्रपट हाती असल्याचं कारण त्याने पुढे केलं आणि १९४४च्या जूनमध्ये दोस्त फौजा रोममध्ये येईपर्यंत त्याचं चित्रीकरण लांबवत नेलं. लपतछपत जगणाऱ्या कितीतरी जणांना त्या चित्रीकरणाने आडोसा दिला.

युद्ध संपल्यावर रोमच्या रस्त्यांवर अमेरिकन सैनिकांचे बूट पुसणारी पोरं दिसू लागली. त्यांच्यावरचा 'शूशाइन' १९४६ साली आला. इटलीत तो पडला, अमेरिकेत त्याला विशेष ऑस्कर मिळालं. परभाषेतल्या चित्रपटाला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळत होता.

आता 'बायसिकल थीव्ज'च्या निवडीकडे पाहू. माज्जोरानी मुळात स्वतःसाठी आलाच नव्हता. मुलाच्या भूमिकेसाठी त्याच्या पोराचा विचार व्हावा अशी घरच्यांची इच्छा होती. दे सिकाची नजर मात्र बापावर खिळली. त्याची उठण्याबसण्याची ढब आणि कामाने राठ झालेले हात त्याला भावले. ब्रुनो झालेला छोटा एन्झो स्ताइओला चित्रीकरण बघायला जमलेल्या गर्दीत सापडला. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी नोंदवून ठेवलं आहे की दे सिकाने त्या मुलाला अभिनय करून दाखवायला सांगितलं नाही, फक्त चालायला सांगितलं. उंच बापाच्या लांब ढांगा आणि त्याला गाठायला पोराचं दुडकं धावणं, या दोन चालींच्या मेळातून अर्धा चित्रपट उभा राहिला. चाल म्हणजे पात्र, हे ज्याने वर्षानुवर्षं रंगमंचावर चालून दाखवलं त्यालाच सुचणार.

चित्रीकरणात तो आणखी पुढे जायचा. प्रत्येक प्रसंग आधी स्वतः करून दाखवायचा : बाईचा, मुलाचा, म्हाताऱ्याचा. मान किती वळवायची, टोपी कधी काढायची, नजर कधी खाली टाकायची, सगळं. इटालियन चित्रपटांत संवाद बहुधा मागाहून ध्वनिमुद्रित होत, त्यामुळे चित्रीकरण चालू असतानाही दिग्दर्शकाला बोलून दाखवता येई. 'खऱ्या माणसांचा' तो सहजपणा असा बारकाईने घडवलेला होता. म्हणून तो खोटा ठरत नाही. नवख्या माणसाचं शरीर आणि अनुभवी नटाची समज यांचं ते मिश्रण होतं, आणि दोहोंपैकी एकाला वगळलं असतं तर चित्रपट कोसळला असता.

या पद्धतीची किंमत मात्र इतरांनीही मोजली. माज्जोरानी चित्रपट संपल्यावर कारखान्यात परतला आणि पुढे कामगारकपातीत त्याची नोकरी गेली. बेकार माणसाची भूमिका करून जगभर ओळखला जाणारा चेहरा खरोखरच बेकार झाला. नंतर त्याला छोटी कामं मिळत राहिली, इतकंच. दे सिकाच्या मोठेपणाबद्दल लिहिताना ही गोष्ट बाजूला ठेवणं मला जमत नाही.

१९५२ सालचा 'उंबेर्तो डी.' ही माझ्या मते त्याची सर्वोच्च कामगिरी. निवृत्त सरकारी कारकून, पुरत नाही असं पेन्शन, थकलेलं भाडं आणि फ्लाइक नावाचा कुत्रा. नायक झाले फ्लॉरेन्स विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक कार्लो बात्तिस्ती, ज्यांनी त्याआधी कधी अभिनय केला नव्हता. म्हातारा भीक मागायचं ठरवतो. तळहात पुढे करतो, कुणीतरी पैसे द्यायला थांबतं आणि त्याच क्षणी तो हात पालथा करतो, जणू पाऊस पडतोय का ते पाहत होता. मग टोपी कुत्र्याच्या तोंडात देऊन स्वतः आडोशाला उभा राहतो, तेवढ्यात ओळखीचा माणूस समोर येतो. इभ्रत आणि भूक यांचं सगळं भांडण एका मनगटाच्या वळणात आलं आहे. इस्त्री न मोडणाऱ्या घरात वाढलेल्या मुलानेच ते मनगट पाहिलेलं असणार. याच चित्रपटात मारिया पिया कासिलिओने साकारलेली मोलकरीण पहाटे उठते, मुंग्या हाकलते, कॉफी दळते, पोटातल्या बाळाच्या जाणिवेने तिचे डोळे भरतात. संवाद जवळपास नाहीच. कथा पुढे सरकत नाही आणि तरी नजर हलत नाही.

सरकारला हे रुचलं नाही. तेव्हा चित्रपटखात्याचा कारभार पाहणारे उपमंत्री ज्युलिओ आंद्रेओत्ती यांनी जाहीर पत्र लिहून, अशा चित्रणाने देशाची नाचक्की होते अशा आशयाची कानउघाडणी केली. तिकीटबारीवरही चित्रपट आपटला.

पुढची दोन दशकं दे सिकाने दुसऱ्यांच्या चित्रपटांत मुबलक कामं केली. 'ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स'मधला रंगेल पोलीस अधिकारी लोकांना इतका आवडला की त्याचे पुढचे भागही निघाले. दोन संसार पोसायचे होते आणि जुगाराचा नाद जबर होता, तेव्हा पैसा कायम लागे. 'गोल्ड ऑफ नेपल्स'मध्ये त्याने स्वतःच एक पत्तेबाज उमराव साकारला, जो द्वारपालाच्या लहान मुलाशी खेळतो आणि हरतच राहतो. आपलं व्यसन इतक्या उघडपणे आणि इतक्या मायेने पडद्यावर आणणारे थोडेच. या काळातल्या त्याच्या साऱ्याच भूमिका पोटापाण्याच्या होत्या असंही नाही. १९५९ साली दिग्दर्शक रोसेलिनीच्या 'जनरल देल्ला रोव्हेरे'मध्ये जर्मनांच्या सांगण्यावरून सेनापतीचं सोंग घेणारा आणि शेवटी त्या सोंगाला जागणारा ठग त्याने उभा केला. माझ्यासाठी नट म्हणून ती त्याची सर्वांत मोठी भूमिका. दिग्दर्शक म्हणून १९६०च्या 'टू विमेन'मध्ये त्याने सोफिया लॉरेनला घडवलं आणि परभाषेतल्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिला मिळालं, तेही पहिल्यांदाच. १९७० साली 'गार्डन ऑफ द फिन्झी-कॉन्तिनीज'ने जुन्या दे सिकाची आठवण करून दिली. मधल्या काही चित्रपटांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

आपल्याकडे तो मुंबईच्या वाटेने आला. जानेवारी १९५२मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि त्यात 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला. बिमल रॉय यांच्यावर त्याचा खोल ठसा उमटला आणि पुढच्याच वर्षी 'दो बीघा ज़मीन' आला. त्यात बलराज साहनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखर रिक्षा ओढत होते. कसलेला नट कष्टकऱ्याच्या अंगात शिरला होता, म्हणजे दे सिकाच्या अगदी उलट्या दिशेने प्रवास करून त्याच जागी पोहोचला होता. सत्यजित राय यांनी तर १९५० साली लंडनमध्येच तो चित्रपट पाहून आपली वाट नक्की केली होती.

१३ नोव्हेंबर १९७४ रोजी पॅरिसजवळ दे सिका गेला. त्याच साली एत्तोरे स्कोलाचा 'वी ऑल लव्ह्ड ईच अदर सो मच' आला, तो दे सिकालाच अर्पण केलेला आहे. त्यात एक चित्रपटवेडा शिक्षक दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत बसतो. प्रश्न असतो, 'बायसिकल थीव्ज'च्या शेवटी मुलगा का रडतो? तो सांगतो, दे सिकाने मुलाच्या खिशात गुपचूप सिगारेटची थोटकं घातली आणि चोरून थोटकं गोळा करतोस म्हणून हिणवलं, म्हणून. संयोजकांचं उत्तर वेगळं असतं : बापाला चोरी करताना लोकांनी पकडलं, म्हणून. शिक्षक हरतो. पुढे स्कोला खऱ्या दे सिकाचं चित्रण दाखवतो. भर सभेत तो स्वतःच थोटकांची ती हकीकत रंगवून सांगतो आहे, पोराचा आवाज काढतो आहे आणि लोक हसत आहेत. पोराला रडवण्याची ती रीत मला आजही टोचते. पण दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि ब्रुनोच्या गालावरून ओघळणारं पाणी दोन्ही कारणांनी खरं आहे.