पुढच्या शॉकअपची गळती
मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, की ऑइल सील गेलं असे समजावे. ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणू नका. तेच तेल ब्रेकवर उतरले, तर उसाच्या ट्रॉलीमागे गाडी वेळेवर थांबायची नाही.

नुसते सील बदलून भागत नाही. मिस्त्रीकडे उभे राहून शॉकअपच्या पाईपवरून नख फिरवून पाहा. गंजाचा खड्डा किंवा ओरखडा लागला, तर नवे सीलही लवकरच फाटते. दोन्ही बाजूंची सील एकदमच बदलावीत. तेल गाडीच्या पुस्तकातल्या मापाने, दोन्हीकडे सारखे भरावे. पाईपवर वाळलेला चिखल खरवडू नये, भिजवून पुसावा. आम्ही एवढेच सांगतो, सीलचा खरा वैरी तोच!