तिसरीच्या वर्गातला आठवडा



माझ्यासारख्या कामगार कार्यकर्त्याने या व्यासपीठावर बोनस, किमान वेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. चालकांनीही मला तसेच सुचवले होते. मी त्यांच्याकडून विषय बदलून घेतला. इयत्ता तिसरीची मुले आठवडाभर वर्गात काय शिकतात, एवढाच साधा विषय मी आज घेतला आहे. मी शिक्षक नाही. शिक्षणशास्त्राची पदवी तर दूरच, माझी स्वतःची शाळा तिसरीतच सुटली. तेव्हा हे विवेचन एका हिशेबनिसाचे आहे असे समजावे. हिशेब मांडणे हा आमच्या चळवळीचा रोजचा उद्योग आहे.

शाळा सुटली ती 1978 सालच्या दिवाळीनंतर. घरात अडचण होती म्हणून मला सोलापुरातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला बसवले. दिवसभरात किती कांड्या भरल्या तो आकडा ज्याने त्याने संध्याकाळी खडूने पाटीवर लिहायचा, अशी तिथली रीत. एके दिवशी मी त्रेसष्ट कांड्या भरल्या आणि पाटीवर 36 लिहिले. मुकादमाने आकडा वाचला आणि छत्तीस कांड्यांचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मी ‘त्रेसष्ट, त्रेसष्ट’ म्हणत राहिलो, तो पाटीकडे बोट दाखवत राहिला. लिहिलेले खरे, बोललेले खोटे, हा व्यवहाराचा नियम मी त्या दिवशी शिकलो. माझी चूक कोणती, ती का झाली आणि ती दुरुस्त करण्याचे काम शाळेत नेमके कोणत्या वर्षी व्हायचे असते, हे समजायला मात्र पुढे बरीच वर्षे गेली.

तिसरीतले मूल साधारण आठ वर्षांचे असते. आठ वर्षांच्या मुलाचा आठवडा आपल्या देशात कसा जात होता, हे आधी पाहू. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली सुरू झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, 1881 साली, हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला 9 तासांहून जास्त काम घेऊ नये आणि त्याला महिन्याला चार सुट्ट्या द्याव्यात, असे त्या कायद्याने ठरवले. म्हणजे आजच्या तिसरीच्या वयाच्या मुलाचा कायदेशीर आठवडा सहा दिवसांचा आणि 54 तासांचा झाला. आणि ही सुधारणा होती! पुढे 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. 1891 च्या कायद्याने वयाची मर्यादा सातावरून नवावर नेली. आठ वर्षांचे मूल कायद्याने मोठ्या कारखान्याबाहेर आले ते तेव्हा.

पण बाहेर येऊन त्याने जायचे कोठे? जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. नामदार गोखल्यांनी 1911 साली तसे विधेयक आणले. 1912 साली ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानापुरती सक्ती केली. साऱ्या देशातील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला तो 1 एप्रिल 2010 रोजी. कारखान्यातून सुटका 1891 साली आणि वर्गात हक्काची जागा 2010 साली; मध्ये 119 वर्षे गेली.

या नव्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला 4 तास आणि सहा दिवसांच्या आठवड्याला 24 तास. चोपन्न तासांच्या मजुरीच्या जागी चोवीस तासांचे शिक्षण आले, ही काही लहान कमाई नव्हे. मात्र कामगाराला एक गोष्ट ठाऊक असते. हजेरी निराळी आणि काम निराळे. त्याच कायद्यात असेही आहे, की 60 पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक पुरेत. लहान गावात पहिली ते चौथीची शाळा बहुधा अशीच दोन शिक्षकांची असते; एका शिक्षकाकडे दोन वर्ग. तिसरी आणि चौथी एका खोलीत बसली, की शिक्षकाचे 24 तास दोघांत वाटले जातात आणि तिसरीच्या वाट्याला प्रत्यक्ष 12 येतात. मन लावून काम करणारा शिक्षक उरलेल्या तासांतही मुलांना गटाने कामाला लावतो, हे खरे आहे. पण बारा तासांत चोवीस तासांचे काम उरकणारा कारागीर कोणत्याच धंद्यात नसतो.

आता या तासांत शिकायचे असते काय, ते पाहू. मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास हे मुख्य विषय. त्यांच्या जोडीला चित्र, हस्तकाम, गाणी, खेळ. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे.

प्रथम भाषा घेऊ. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून ते वाचून शिकू लागते. सर्व विवेचनाचे सार या एका वाक्यात आहे, म्हणून ते जरा उलगडून सांगतो. दुसरीपर्यंत मुलाची सारी शक्ती अक्षर ओळखण्यात, काना-मात्रा जुळवण्यात आणि जोडाक्षर फोडण्यात जाते. तिसरीच्या आठवड्यात त्याच्याकडून निराळी अपेक्षा असते. धडा त्याने स्वतः वाचावा, काय घडले ते आपल्या शब्दांत सांगावे, चार-पाच वाक्ये मनाने लिहावीत. गणिताचे उदाहरणही आता वाक्यांत येते, आणि पाण्याची माहितीही परिच्छेदात येते. ज्याचे वाचन अडखळते त्याचे गणितही अडते आणि परिसर अभ्यासही अडतो. एका विषयातली उणीव बाकीच्या सर्व विषयांना लागते, असे हे वर्ष आहे.

गणितात तिसरीला तीन अंकी संख्या येतात. एकक, दशक, शतक ही घरे पक्की करायची, हातच्याची बेरीज-वजाबाकी करायची, पाढे, गुणाकार आणि वाटणीतून भागाकार शिकायचा; पाव, अर्धा, पाऊण हे भाग ओळखायचे; मीटर, किलो, लिटर, घड्याळ, दिनदर्शिका आणि नाणी-नोटा हाताळायच्या. संसाराला लागणारे बहुतेक गणित या वर्षात येऊन जाते.

येथे माझ्या पाटीवरच्या 36 चा उलगडा होतो. मराठीत आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन मागून लिहितो. कानाने ऐकले त्याच क्रमाने हाताने लिहिले, की 63 चे 36 होतात. मुलाच्या अकलेचा त्यात दोष नाही. आमच्या सोलापुरात तर याला आणखी एक पदर आहे. पूर्वभागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत त्रेसष्टला ‘अरवै मूडु’ म्हणतात. अरवै म्हणजे साठ, मूडु म्हणजे तीन. कानडीतही आधी साठ, मग तीन. अशा घरातले मूल मराठी शाळेत आले, की घरी एक क्रम आणि वर्गात दुसरा. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ अशीही वाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला, थट्टाही झाली. पुस्तक करणाऱ्यांच्या बाजूने गणिततज्ज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणे समजावून सांगितली. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ हा शब्द सोडवणार नाही. तो आजोबा-पणजोबांचा शब्द आहे. पण एखाद्या मुलाला साठ तीनच्या शिडीवरून त्रेसष्टपर्यंत चढता येत असेल, तर ती शिडी काढून घेण्यात कोणती भाषासेवा आहे, हे मला समजत नाही.

हातच्याचेही तसेच आहे. आमच्या वस्तीतली एक विडी कामगार बाई एके दिवशी 900 विड्या घेऊन गेली. छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, 65 निघाल्या. तिच्या कार्डावर शिल्लक 825 लिहून आली. तिची मुलगी तिसरीत होती. ती वहीच्या मागल्या पानावर वजाबाकी करून म्हणाली, ‘आई, आठशे पस्तीस होतात.’ दुसऱ्या दिवशी आम्ही कार्ड दाखवले आणि आकडा दुरुस्त झाला. दहा विड्यांचे पैसे ते किती, असे कोणी म्हणेल. परंतु त्या बाईने पूर्वी कधी कार्ड उघडून पाहिले नव्हते. आता ती रोज मुलीकडून तपासून घेते. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकाकडे जायचे. तिथेही शून्य, म्हणून शतकाकडे जायचे. ही तिसरीची रीत आहे. ती न कळता नुसती घोकली, तर चूक नेमकी दशकाच्या घरात होते.

तिसरा विषय परिसर अभ्यास. 2014 साली तिसरीची जी पुस्तके आली, त्यांत परिसर अभ्यासाचे पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळे होते, ही गोष्ट फार थोड्या पालकांच्या ध्यानात आली. दिशा व नकाशा, पाणी कोठून येते, अन्न, दात, कपडे, गावातील सार्वजनिक व्यवस्था, आपल्या गरजा कोण भागवतात, असे त्यातले विषय. सोलापूरच्या मुलाने नळाचे पाणी उजनी धरणातून आणि हिप्परग्याच्या तलावातून येते हे नकाशावर बोटाने दाखवावे. अंगावरच्या टॉवेलमागे किती हात आहेत हे घरातच विचारून यावे. हा विषय फळ्यावरून उतरवून घेतला तर मेला. वर्गाबाहेर नेला तर जिवंत राहतो. आणि तास कमी पडले, की पहिली काट याच विषयाला लागते.

आता जमाखर्चाकडे येऊ. ‘असर’ या नावाची पाहणी 2005 पासून खेड्यापाड्यांतील घरोघरी जाऊन केली जाते. कार्यकर्ते मुलाला दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट वाचायला देतात आणि हातच्याची दोन अंकी वजाबाकी घालतात. 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे 27 मुलांना ती गोष्ट वाचता आली आणि सुमारे 34 मुलांना ती वजाबाकी जमली. 2021 साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस वाचन व अंकगणित यावे, असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्टासाठी तिसरीच का निवडली, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून आपल्या ध्यानात आले असेल.

दुसरी एक अडचण आहे. चौथीपर्यंत मुलाला नापास करता येत नाही; 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीच्या अखेरीस मुलाला मागे ठेवण्याची मुभा मिळाली. लहान मुलांना नापास करू नये, या मताचा मी आहे. नापासाचा शिक्का बसला की गरिबाचे मूल शाळा सोडते, हे मी घरोघरी पाहिले आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की तिसरीत मागे पडलेल्या मुलाच्या आईबापांना ती गोष्ट दोन वर्षे कोणी सांगतच नाही. प्रगतिपुस्तक येते, मूल वरच्या वर्गात जाते, आणि पाचवीत एकदम डोळे उघडतात.

म्हणून माझी आपणा सर्वांना एक सूचना आहे. कामगार आठवड्याचा पगार मोजून घेतो, तसा मुलाचा आठवडा शनिवारी संध्याकाळी मोजून घ्यावा. त्यासाठी स्वतः शिकलेले असलेच पाहिजे असे नाही. मुलाने न वाचलेला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावा आणि त्यात काय आहे ते घरच्या भाषेत सांगायला लावावे. सांगता आले तर ते समजले. मग तोंडी तीन आकडे सांगून लिहायला लावावेत, त्यांत एक मध्ये शून्य असलेला. चारशे दोनमधून एकशे सत्तावन्न वजा करायला सांगावे. उत्तर 245 यायला हवे. त्यानंतर, या आठवड्यात वर्गाबाहेर जाऊन काय पाहिले, हे विचारावे. चुकले तर मारू नये, रागावू नये; सोमवारी शाळेत जाऊन बाईंना किंवा गुरुजींना सांगावे.

आणि एकट्याने सांगून भागत नसेल तर चारजणांनी मिळून सांगावे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. भिंत रंगवणे आणि झेंडावंदनाचा खाऊ यांवर या समितीच्या बैठका संपतात, असा माझा अनुभव आहे. त्या बैठकीत एकच प्रश्न दर महिन्याला विचारावा: तिसरीच्या वर्गाला या महिन्यात किती तास प्रत्यक्ष शिकवले गेले? तास कमी असतील तर शिक्षकावर खेकसू नये. दोन वर्ग एकट्याने सांभाळणारा तो आपल्यासारखाच नोकरदार आहे; त्याच्या जोडीला आणखी एक शिक्षक मिळावा म्हणून त्याच्याबरोबर उभे राहावे.

माझी तिसरी अपुरी राहिली ती मी पुढे युनियनच्या कचेरीत, रात्री, वर्तमानपत्रांवरून आणि पगाराच्या चिठ्ठ्यांवरून पुरी केली. तिला अकरा वर्षे लागली. वर्गात ती एका वर्षात होते. आपल्या घरी, शेजारी किंवा घरकामाला येणाऱ्या बाईच्या घरी तिसरीतले मूल असेल, तर येत्या शनिवारी त्याच्याजवळ अर्धा तास बसावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.